पाडण्यापूर्वीचे चित्र : नागरी वस्त्यांची छायाचित्र-प्रदर्शने आणि त्यांचे वाचन

प्रस्तावना

जुन्या वास्तू आणि शहरी वस्त्या यांच्या छायाचित्रांची प्रदर्शने आज मोठ्या शहरांच्या सांस्कृतिक जीवनाचा परिचित भाग झाली आहेत. दगडी कमानी, लाकडी सज्जे, अरुंद बोळ, झिजलेले जिने अशा चित्रांसमोर प्रेक्षक काही क्षण थांबतो, हळहळतो आणि 'काय होते आणि काय झाले' असे मनाशी म्हणत बाहेर पडतो. ही हळहळ खोटी नसते. मात्र तिच्या भरात एक मूलभूत प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो. भिंतीवरचे हे चित्र मुळात कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या प्रयोजनासाठी काढले होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकातील नगरचित्रणाची अनेक महत्त्वाची कामे त्या त्या वस्त्या पाडण्याच्या निमित्ताने झाली आणि काही ठिकाणी तर पाडणाऱ्या यंत्रणेनेच ती करवून घेतली. म्हणजे ज्या चित्रांकडे आज जतनाचा पुरावा म्हणून पाहिले जाते, ती जन्मतः विध्वंसाच्या कागदपत्रांचा भाग होती. तेच चित्र पुढे कलादालनात आले की त्याचा अर्थ बदलतो. हा बदल कसा घडतो, त्यात प्रदर्शनाच्या मांडणीचा वाटा कोणता आणि चाळींच्या पुनर्विकासाच्या काळात मुंबईसारख्या शहराला त्यातून काय शिकता येईल, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पालिकेचा कॅमेरा : पॅरिस आणि ग्लासगो

तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत बॅरन ओस्मान हा १८५३ ते १८७० या काळात पॅरिसचा प्रशासकीय प्रमुख होता. जुन्या शहराच्या दाट वस्तीतून रुंद, सरळ हमरस्ते काढण्याची त्याची योजना नगररचनेच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. या योजनेत जे रस्ते नाहीसे होणार होते, त्यांचे चित्रण करण्याचे काम पॅरिस नगरपालिकेने शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराकडे सोपविले. १८६० च्या दशकात त्याने अशा जुन्या रस्त्यांची चारशेहून अधिक छायाचित्रे काढली. ओले फरसबंद रस्ते, मध्यातून वाहणारे गटाराचे पाणी, भिंतींवरील जाहिराती, दुकानांच्या पाट्या हे सर्व त्यांत इतक्या स्पष्टतेने उतरले आहे की आजचा अभ्यासक त्यावरून एखाद्या गल्लीतील व्यवसायांची यादी करू शकतो.

या चित्रांची मांडणी पुढे कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मार्व्हिलची जुन्या रस्त्यांची चित्रे आणि त्यांच्या जागी झालेल्या नव्या रस्त्यांची चित्रे एकत्र मांडण्यात आली. एका बाजूला काळोखा, वाकडा बोळ; दुसऱ्या बाजूला झाडांच्या ओळी असलेला प्रशस्त मार्ग. अशा जोडीतून प्रेक्षकाला दुसरा निष्कर्ष काढण्यास वावच उरत नव्हता. जुन्या चित्राचे कार्य येथे नव्या चित्राचे समर्थन करणे एवढेच होते. १३५ वर्षांनंतर, २०१३ मध्ये वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कलादालनात आणि नंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मार्व्हिलचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा तीच चित्रे एका थोर कलावंताची निर्मिती आणि हरवलेल्या शहराची स्मृती म्हणून पाहिली गेली. चित्रे तीच होती. शेजार आणि प्रयोजन बदलले होते.

मार्व्हिलचेच रू शांप्लँ या भागाचे चित्र येथे आठवावे लागते. १८७० च्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या या चित्रात पॅरिसच्या पूर्वेकडील टोकाला उतारावर पसरलेल्या फळकुटांच्या झोपड्या दिसतात आणि समोर एक माणूस त्यांच्याकडे पाहत आहे. मध्यवर्ती भागातील स्वस्त घरे गेल्यावर गरिबांना शहराच्या कडेला सरकावे लागले होते. नव्या रस्त्यांच्या चित्रांत न दिसणारी ही बाजू त्याच छायाचित्रकाराच्या एका चित्रात नोंदली गेली आहे.

ग्लासगोचे उदाहरण याहून थेट आहे. तेथे १८६६ च्या कायद्यान्वये शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. हाय स्ट्रीटच्या परिसरातील दाट वस्तीची घरे विकत घेऊन ती पाडणे हे त्याचे काम होते. या मंडळाने टॉमस अ‍ॅनन याला १८६८ मध्ये त्या बोळांचे चित्रण करण्यास सांगितले. दोन उंच भिंतींमधील अंधार, दोऱ्यांवर वाळणारे कपडे आणि कोपऱ्यात उभी राहून कॅमेऱ्याकडे पाहणारी मुले-माणसे अशी त्याची चित्रे आज सामाजिक छायाचित्रणाचा आरंभ म्हणून गौरविली जातात. वस्तुतः या चित्रांमागे गरिबांची कैफियत मांडण्याचा हेतू असल्याचे त्यांच्या निर्मितीच्या प्रसंगावरून दिसत नाही. ती मंडळाच्या दप्तरासाठी होती. त्यांच्या ओळीही तशाच आहेत : 'हाय स्ट्रीट, बोळ क्रमांक ११८'. मिळकतीचा क्रमांक आहे. तेथे उभ्या असलेल्या एकाही माणसाचे नाव नाही.

रिकाम्या रस्त्यांचे कारण

या काळातील नगरचित्रे पाहताना एक तांत्रिक बाब माहीत नसेल तर चुकीचा समज होण्याची शक्यता असते. मार्व्हिल आणि अ‍ॅनन हे दोघेही ओल्या कोलोडियन पद्धतीने काम करीत. काचेवर कोलोडियनचा थर देऊन, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळण्यापूर्वी तिच्यावर पुढील प्रक्रिया करावी लागे. या काचेची प्रकाशग्राहकता कमी असल्याने अंधाऱ्या बोळात भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जो चालत गेला, त्याची प्रतिमा काचेवर उमटतच नसे. जो हलला, तो धुरकट डागासारखा राही. स्थिर उभा राहिला, तोच दिसे.

याचा अर्थ असा की चित्रातील निर्मनुष्य रस्ता हा पुष्कळदा प्रत्यक्षात गजबजलेला असे. वस्तीचा रिकामेपणा हा तेथील जीवनाचा गुणधर्म नसून यंत्राच्या मर्यादेचा परिणाम होता. परंतु प्रेक्षकाच्या मनावर त्याचा प्रभाव खोल होतो. माणसे नसलेली वस्ती ही आधीच सोडून दिलेली, जणू पाडण्यास मोकळी असलेली वाटते. भिंतीवरील एखाद्या ओळीत एवढे सांगितले गेले, तरी संपूर्ण प्रदर्शनाचे वाचन बदलू शकते.

पुढे तंत्र सुधारले, तरी रिकामेपणाची सवय राहिली. वास्तुछायाचित्रणात भिंग वर सरकविता येणारा कॅमेरा वापरून इमारतीच्या उभ्या रेषा सरळ ठेवल्या जातात आणि माणसे, वाहने, वाळत घातलेले कपडे शक्यतो टाळले जातात. वास्तूचा आकार समजण्यासाठी ही रीत उपयुक्त आहे. वस्ती समजण्यासाठी मात्र ती अपुरी पडते; कारण वस्ती ही इमारतींच्या बेरजेपेक्षा त्यांच्या वापराने घडते.

नागरिकांचा पुढाकार : लंडन

सर्वच चित्रण शासकीय आदेशाने झाले असे नाही. लंडनमध्ये ओल्ड बेलीजवळील 'ऑक्सफर्ड आर्म्स' ही जुनी सराई पाडली जाणार, असे कळल्यावर १८७५ मध्ये काही नागरिकांनी तिची छायाचित्रे काढवून घेतली. यातून जुन्या लंडनच्या अवशेषांचे छायाचित्रण करणारी संस्था उभी राहिली आणि १८८६ पर्यंत तिने १२० चित्रे प्रसिद्ध केली. त्यासाठी न फिकटणारी कार्बन मुद्रणाची पद्धत निवडण्यात आली. वास्तू वाचविणे हाती नसले, तर तिची टिकाऊ नोंद तरी ठेवावी, अशी ही भूमिका होती.

हेतू वेगळा असला, तरी दृष्टीची मर्यादा येथेही आढळते. संस्थेच्या नावातील 'अवशेष' हा शब्दच बोलका आहे. निवड झाली ती प्रामुख्याने वास्तुदृष्ट्या किंवा ऐतिहासिक आठवणींमुळे मोलाच्या ठरलेल्या जागांची. शेजारची साधी घरे त्या व्याख्येत बसत नव्हती. काय जपण्यासारखे आहे, याचा निर्णय चित्र काढण्यापूर्वीच झालेला असतो, ही गोष्ट लंडनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

चित्राखालची ओळ : न्यूयॉर्क

प्रदर्शन किंवा ग्रंथ यांत चित्राखालची ओळ किती निर्णायक ठरते, हे बेरेनिस अ‍ॅबट हिच्या कार्यावरून समजते. पॅरिसमध्ये असताना तिची यूजेन आत्जे या छायाचित्रकाराशी ओळख झाली. आत्जेने जवळजवळ तीन दशके जुन्या पॅरिसच्या दुकानांची, अंगणांची, जिन्यांची चित्रे काढून ती संग्रहालयांना, ग्रंथालयांना आणि चित्रकारांना विकली होती. १९२७ मध्ये त्याच्या निधनानंतर त्याचा उरलेला संग्रह मिळवून तो जतन करण्याचे श्रेय अ‍ॅबटकडे जाते. १९२९ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली, तेव्हा ते शहर झपाट्याने बदलत होते. १९३५ पासून संघराज्य शासनाच्या कलाप्रकल्पाच्या साहाय्याने तिने 'बदलते न्यूयॉर्क' हा उपक्रम चालविला आणि तीनशेहून अधिक चित्रे सिद्ध केली. १९३७ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले.

अ‍ॅबटच्या एकाच चित्रात गगनचुंबी इमारत आणि तिच्या पायथ्याशी उरलेली जुनी विटांची घरे ही शेजारी येतात. जुने आणि नवे यांची दोन स्वतंत्र चित्रे मांडून निवाडा देण्याची १८७८ ची पद्धत तिने स्वीकारली नाही. दोन्ही काळ एकाच चौकटीत ठेवून त्यांतील ताण प्रेक्षकासमोर आणला. समीक्षक एलिझाबेथ मॅकॉसलंड हिने या चित्रांसाठी विवेचक मजकूर लिहिला होता. तथापि १९३९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध होताना प्रकाशकाला त्या वर्षीच्या जागतिक मेळ्यासाठी येणाऱ्या पर्यटकांना उपयोगी पडेल असे पुस्तक हवे होते. परिणामी मूळ मजकुराच्या जागी मार्गदर्शक पुस्तिकेला शोभणाऱ्या माहितीपर ओळी आल्या. चित्रे बदलली नाहीत. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मंदावला.

निर्विकार दृष्टी आणि काळाची नोंद

१९७५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयात विल्यम जेन्किन्स याने संयोजिलेले 'न्यू टोपोग्राफिक्स' हे प्रदर्शन या परंपरेतील महत्त्वाचे वळण होय. रॉबर्ट अ‍ॅडम्स, लुइस बॉल्ट्झ, स्टीव्हन शोर, बर्न्ट व हिला बेखर आदी दहा छायाचित्रकारांची चित्रे त्यात होती. विषय होते एकसारखी उपनगरी घरे, गुदामे, वाहनतळ, मोटेल. ज्यांना कोणी वास्तुकला म्हणण्यास धजले नसते, असे. ही चित्रे सुंदर दिसण्याचा प्रयत्न करीत नाहीत, तक्रारही करीत नाहीत. मार्व्हिल आणि अ‍ॅनन यांना दप्तराच्या गरजेमुळे जी अलिप्तता आली होती, ती येथे जाणीवपूर्वक निवडलेली भूमिका झाली.

जर्मन दांपत्य बेखर यांची पद्धत याबाबतीत अध्यापकांनी अभ्यासावी अशी आहे. पाण्याचे मनोरे, कोळशाच्या खाणींवरील सांगाडे, भट्ट्या यांची चित्रे त्यांनी ढगाळ प्रकाशात, समोरून, एकाच पद्धतीने काढली आणि ती चौकटीच्या जाळीत शेजारी शेजारी मांडली. एकच मनोरा पाहून जे कळत नाही, ते नऊ मनोरे एकत्र पाहून कळते. त्यांतील साम्य आणि फरक डोळ्यांसमोर येतात. येथे अर्थ एकेका चित्रात नसून मांडणीत आहे.

कामिलो होसे व्हेर्गारा या छायाचित्रकाराने मांडणीला काळाचे परिमाण दिले. १९७० च्या दशकापासून तो न्यूयॉर्क, डेट्रॉइट इत्यादी शहरांतील गरीब वस्त्यांत त्याच त्या जागी पुनःपुन्हा जाऊन चित्रे काढीत आला आहे. हार्लेममधील एका दुकानाच्या दर्शनी भागाची त्याची मालिका १९७७ पासून सुरू होते. दुकान बदलते, पाटी बदलते, शटर येते, भाडेकरू जातो. १८७८ च्या जोडीत 'पूर्वी' आणि 'नंतर' असे दोनच क्षण होते आणि मधली सर्व वर्षे लुप्त झाली होती. व्हेर्गाराच्या मालिकेत ती मधली वर्षेच मुख्य विषय होतात.

मुंबईचा संदर्भ

मुंबईत छायाचित्रणाचा आरंभ लवकर झाला. १८५४ मध्ये येथे छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. मात्र मुंबईतील सामान्य वस्ती कॅमेऱ्यासमोर आली त्या प्रसंगांतील एक ठळक प्रसंग साथीचा होता. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला. त्या काळातील मुंबईच्या चित्रांचा कॅप्टन सी. मॉस यांच्या नावाने ओळखला जाणारा संग्रह उपलब्ध आहे. पाण्याच्या जोरदार झोताने घरे धुणारी पथके, तपासणीसाठी आलेले अधिकारी, रुग्णालये आणि छावण्या ही त्यातील दृश्ये. घर येथे निवारा म्हणून दिसत नाही. रोगाचे स्थान म्हणून दिसते. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले आणि दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे मार्ग काढण्यात आले. ग्लासगो आणि पॅरिस येथील क्रमाशी असलेले याचे साम्य सांगण्याची गरज नाही.

आजच्या मुंबईत वास्तुवारशाला मान्यता मिळाली आहे. १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियमावली लागू झाली. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या ९४ व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. या इमारतींची उत्तम छायाचित्रे उपलब्ध आहेत, ही समाधानाची बाब होय. गिरणगावातील चाळींची स्थिती वेगळी आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, 'बीडीडी' या नावाने परिचित असलेल्या २०७ चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे होत्या. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक गॅलरी आणि सामाईक संडास अशी त्यांची रचना. २०१७ मध्ये त्यांच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या.

येथे सोप्या हळहळीला जागा नाही. घरात स्वतंत्र संडास आणि मुलांच्या अभ्यासाला वेगळी खोली मिळाल्याचा आनंद खरा आहे आणि चाळीच्या चित्रांचे प्रदर्शन त्या आनंदाची अवहेलना करून उभे राहू शकत नाही. त्याचबरोबर गॅलरीत वाढलेले शेजारसंबंध, रात्री अंथरूण टाकण्याच्या ठरलेल्या जागा, नळावरची पाळी, गणेशोत्सवाचा मंडप, संपकाळातील उसनवारी या गोष्टी इमारतीबरोबर विस्कटतात, हेही तितकेच खरे. नीरा आडारकर यांनी संपादित केलेल्या मुंबईच्या चाळींवरील २०११ च्या ग्रंथात चाळीचा विचार वास्तू आणि जीवनपद्धती अशा दोन्ही अंगांनी झाला आहे. प्रदर्शनांनीही हे दुहेरी भान ठेवावे लागेल. अन्यथा 'जुनी अडचण आणि नवी सोय' ही १८७८ ची जोडी विकासकाच्या जाहिरातफलकावर, आणि 'हरवलेले सुंदर जग' ही तिची उलट बाजू कलादालनात, अशी विभागणी होईल. दोन्ही ठिकाणी रहिवासी मूकच राहील.

प्रदर्शनाकडून अपेक्षा

वरील विवेचनावरून वस्तीविषयक प्रदर्शनासाठी काही तत्त्वे हाती येतात. पहिले, प्रत्येक चित्रासोबत दिनांक, नेमके ठिकाण, छायाचित्रकार आणि चित्र कोणासाठी काढले गेले याची नोंद असावी. जुने चित्र असेल, तर त्याचा मूळ संग्रह आणि मूळ ओळही द्यावी. कारण मूळ ओळ हा स्वतःच पुरावा असतो. दुसरे, चित्रात जे दिसू शकत नाही, त्याची जाणीव करून द्यावी. तिसरे, दर्शनी भागाइतकेच जिना, मोरी, माळा, नळाची जागा यांना स्थान मिळावे. चौथे, शक्य असेल तेथे एकाच जागेची अनेक वर्षांची चित्रे क्रमाने मांडावीत.

पाचवे तत्त्व सर्वांत महत्त्वाचे आहे. चित्राखालची ओळ लिहिताना रहिवाशांचा सहभाग असावा. घराच्या आत काढलेल्या चित्रासाठी त्यांची संमती घेणे हे तर किमान कर्तव्य होय. पण संमतीच्या पुढे जाऊन 'या जागी काय होत असे' हे त्यांच्या शब्दांत नोंदविले गेले, तर ग्लासगोच्या चित्रांत जी उणीव कायमची राहिली, ती येथे टाळता येईल. असे प्रदर्शन दूरच्या कलादालनाआधी त्याच वस्तीच्या मंडपात किंवा शाळेच्या सभागृहात भरविल्यास चुका दुरुस्त करणारे जाणकार आपोआप भेटतात.

महाविद्यालयांना हे कार्य विशेष साध्य आहे. इतिहास, समाजशास्त्र, भूगोल आणि मराठी हे विभाग एकत्र आल्यास परिसरातील एखादी पेठ, आळी किंवा चाळ यांची नोंद दरवर्षी ठरलेल्या जागांवरून करता येईल. कॅमेरा आज विद्यार्थ्यांच्या खिशात आहे. दुर्मीळ आहे ती शिस्तबद्ध नोंद आणि तिचे जतन. नाव, स्थळ आणि दिनांक नसलेली हजार चित्रे संशोधनाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतात, तर नीट नोंदलेली पन्नास चित्रे पुढील पिढीच्या अभ्यासाचा पाया होऊ शकतात.

समारोप

वस्तीचे छायाचित्र आपोआप वस्तीच्या बाजूने बोलत नाही. ते पाडणाऱ्याच्या दप्तरात पाडण्याचे समर्थन करते, पर्यटकाच्या पुस्तिकेत शोभेचे होते आणि कलादालनात स्मरणरंजनाचे साधन बनू शकते. त्याला साक्षीचे मोल येते ते निवड, क्रम, ओळ आणि स्थळ यांच्या प्रामाणिक मांडणीमुळे. हाय स्ट्रीटच्या बोळात दीडशे वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासमोर स्थिर उभ्या राहिलेल्या माणसांची नावे आता कोणालाही सांगता येणार नाहीत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींत राहिलेली माणसे मात्र आज आपल्यात आहेत आणि ती आपल्या जिन्याचा, गॅलरीचा, खोलीचा वृत्तान्त सांगू शकतात. हा वृत्तान्त चित्रांसोबत नोंदवून घेण्याची संधी फार काळ राहणार नाही.